सोंगं सारखी नकोत, पाळी सारखी हवी

नाटक, दशावतार, उत्सव, जत्रा यांविषयी लिहिणाऱ्या माणसाने एका परदेशी खेळाच्या नियमांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना खटकेल. खटकू दे! विषय वरवर परका असला तरी त्याच्या पोटातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. गावच्या देवळात उत्सवाचं नाटक बसवायला घेतलं की पहिल्याच बैठकीत तो उभा राहतो. कामं कशी वाटायची? राजा एकच, आणि मंडळी वीस. सगळ्यांना राजा करता येत नाही. पण एकाला भालदार करून तीन अंक नुसता उभा ठेवला, तर पुढच्या वर्षी तो तालमीला फिरकत नाही. टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांचे नियम लिहिणारी माणसं गेली पन्नास वर्षं याच प्रश्नाशी झगडत आहेत. त्यांना काय साधलं आणि कुठे फसलं, हे पाहण्यासारखं आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण बसतात. त्यातला एक सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: ‘तुम्ही पडक्या किल्ल्याच्या दारात उभे आहात, आतून धूर येतोय. काय करणार?’ मग प्रत्येकजण आपल्या पात्राच्या तोंडून बोलतो, ठरवतो, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकतो. दशावताराची आठवण यावी असाच हा प्रकार. तिथेही कथानक ठरलेलं, सोंगं ठरलेली, पण संवाद लिहिलेले नसतात; नट ते उभ्या उभ्या रचतो. फरक एवढाच की इथे राक्षस मरणार की नायक, हे आधीपासून ठरलेलं नसतं.

म्हणूनच प्रत्येक पात्राला काय काय करता येतं, हे कागदावर लिहून ठेवावं लागतं. कोण किती बलवान, कुणाला कुठला मंत्र येतो, कोण कुलूप उघडू शकतो. खेळाडूसमोर पर्यायांची यादी असते आणि त्यातून तो आपलं पात्र घडवतो. हे पर्याय एकमेकांच्या तोलाचे हवेत, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, तोल कसला घेऊन बसलात? इथे सगळे सोबती आहेत, एकमेकांविरुद्ध कुणी खेळत नाही, मग कुणी थोडा बलवान असला म्हणून काय बिघडलं?

मला दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात. माझं म्हणणं असं: तोल आकड्यांचा नसतो, पाळीचा असतो. या खेळात वाटून घ्यायची गोष्ट विजय नव्हे, वेळ. तीन तासांची बैठक धरा. १८० मिनिटांतली निम्मी सूत्रधार घेतो. उरली ९०, आणि खेळाडू चार. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बावीस-तेवीस मिनिटं! त्या मिनिटांत आपण केलेल्या गोष्टीने काही फरक पडला, असं ज्याला वाटत नाही, तो सोबती असूनही प्रेक्षक झालेला असतो. शिवाय नाटकातल्या प्रेक्षकाला निदान खुर्ची तरी आरामाची मिळते.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा प्रश्न नीट कळत नाही. या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका. पहिल्या छपाईत १,००० प्रती. त्यात पात्रांचे तीनच वर्ग होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मगुरू. चोर हा चौथा वर्ग १९७५ सालच्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत आला. प्रत्येक पात्राचे सहा गुण: बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई, आणि लोकांवर पडणारी छाप. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि येईल ती बेरीज लिहायची.

तीन फाशांचे एकूण २१६ प्रकार होतात. त्यांत १८ ही बेरीज एकदाच येते आणि ३ ही बेरीजही एकदाच. १० किंवा ११ मात्र ५४ वेळा, म्हणजे चारांत एकदा. थोडक्यात, बहुतेक माणसं मध्यम; असामान्य एखादाच. जगाचा न्याय असाच आहे, असं म्हणून सोडून देता येईल. पण मौज पाहा, पहिल्या पुस्तिकांत या आकड्यांना फारसं वजनच नव्हतं. बळ १८ असलं तरी तलवारीचा घाव जास्त लागत नसे. लढवय्याला अनुभवाचे गुण थोडे जास्त मिळत, एवढंच. नशीब फाशांचं होतं, पण त्या नशिबाने कुणाची पाळी हिरावली जात नव्हती. ‘ग्रेहॉक’ पुरवणीने बळाला घावाशी जोडलं आणि तिथून नशीब चावू लागलं. एकाच टेबलावर एकाला १८ आणि दुसऱ्याला ९ आले की तो फरक आता प्रत्येक लढाईत, वर्षभर सोबतीला!

पुढे यावर उपाय निघाला, गुण फाशांनी न ठरवता विकत घ्यायचे. खेळाच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येकाला २७ गुणांची पुंजी मिळते. ८ हा आकडा फुकट, १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण, पण १४ आणि १५ या पायऱ्यांना दोन-दोन. म्हणजे १५ हवे असतील तर नऊ गुण मोजा. हिशेब करायचा कंटाळा असेल त्याच्यासाठी १५, १४, १३, १२, १०, ८ असा तयार संच दिलेला आहे. त्याची किंमत मांडून पाहिली तर बरोबर २७ भरते. वरच्या पायऱ्या महाग ठेवण्यात शहाणपण आहे. एकाच गुणात सगळं ओतणाऱ्याला थोडा भुर्दंड आणि चौफेर माणसाला थोडी सवलत. मला हा उपाय आवडतो. पण त्याने प्रश्न सुटला असं समजू नये, कारण गुणाची किंमत दुकानदार ठरवतो आणि त्याचा उपयोग ठरवतो खेळ.

‘छाप’ या सहाव्या गुणाचंच उदाहरण घ्या. पुष्कळ खेळाडू सगळ्यांत कमी आकडा बिनदिक्कत इथे टाकतात. हा गुण मुळात कुचकामी होता का? नाही. जुन्या नियमांत तुम्ही किती नोकर, मदतनीस बाळगू शकता आणि ते संकटात टिकतात की पळतात, हे त्याच्यावर ठरत असे. तेव्हाचे खेळाडू भाडोत्री भालेकऱ्यांचा ताफा घेऊन भुयारात उतरत. तिथे छाप म्हणजे दहा जास्तीचे हात! पुढे ताफा बाळगण्याची पद्धत मागे पडली. नियमांत गुण राहिला, पण त्याला विचारला जाणारा प्रश्न गेला. नाटकातून सगळी पदं कापून टाकायची आणि गायक नटाला म्हणायचं, तुझा गळा अजूनही उत्तम आहे हो! तसलाच हा प्रकार. पर्यायाचा तोल त्याच्या शेजारच्या आकड्यावरून कळत नाही. खेळ त्या पर्यायाला किती वेळा हाक मारतो, यावरून कळतो.

तोल साधायची पहिली मोठी युक्ती काळाची होती. मांत्रिक सुरुवातीला दुबळा. पहिल्या पातळीवर दिवसाला एक मंत्र, तो टाकला की बाकी वेळ जीव मुठीत धरून मागे राहायचं. पण टिकला तर पुढे तो सगळ्यांवर मात करतो. पातळी चढायला लागणारे अनुभवाचे गुणही वेगवेगळे होते: दुसऱ्या पातळीसाठी धर्मगुरूला १,५००, लढवय्याला २,०००, मांत्रिकाला २,५००. आज मी दुबळा, उद्या तू. कागदावर हिशेब चोख.

पण हा हिशेब शेवटी जुळतो, आणि शेवट बहुतेकांना दिसत नाही. मंडळींच्या बदल्या होतात, परीक्षा येतात, लग्नं होतात. खेळ चौथ्या पातळीवर थांबला तर मांत्रिकाने उधारी भरली आणि वसुली झालीच नाही. खेळ बाराव्या पातळीपर्यंत गेला तर लढवय्याची पंचाईत. दहाव्या पातळीच्या मांत्रिकाचा अग्निगोळा दहा फाशांचा. सरासरी ३५ इजा, आणि ती आगीच्या टप्प्यात सापडलेल्या प्रत्येक शत्रूला. लढवय्या एकेका शत्रूवर घाव घालत बसतो. लढवय्याची वाढ सरळ रेषेत आणि मांत्रिकाची चढत्या भाजणीत, ही तक्रार खेळाइतकीच जुनी. दोन वर्षांच्या कंटाळ्याची भरपाई पुढच्या दोन वर्षांच्या मिजाशीने होत नाही. मध्ये भोगणारा माणूस खरा असतो, सरासरी नव्हे.

चोराची गोष्ट याहून करुण. १९७८ सालच्या खेळाडूंच्या पुस्तकात तिसऱ्या पातळीच्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता ३३ टक्के दिलेली आहे. त्याच पातळीला मांत्रिकाला दुसऱ्या श्रेणीचे मंत्र मिळू लागतात आणि त्यांत दार उघडण्याचा एक मंत्र आहे, जो कुलपापुढे डगमगत नाही. न्यायाने सांगायचं तर तेव्हा मांत्रिकाकडे त्या श्रेणीचा दिवसाला एकच मंत्र असतो. दारावर खर्च केला तर लढाईत हात रिकामे. तोवर सौदा प्रामाणिक आहे. पण पातळी वाढली, मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या स्वस्त झाल्या, की किंमत नाहीशी होते आणि चोराच्या आयुष्याचं काम दुसऱ्याच्या खिशातली किरकोळ वस्तू बनतं. चोर कमजोर होता हे यातलं दुखणं नव्हे. त्याचं काम दुसऱ्याला सहज करता येत होतं, हे दुखणं आहे.

२००० साली तिसरी आवृत्ती आली. मॉन्टी कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स हे तिचे प्रमुख रचनाकार. तिने पर्यायांची दारं सताड उघडली. ‘फीट’ नावाच्या खुबी आल्या: पहिल्या पातळीला एक, मग दर तिसऱ्या पातळीला एक. वीस पातळ्यांत जेमतेम सात, म्हणजे प्रत्येक खुबी मोलाची. आणि त्यांत ‘टफनेस’ नावाची एक खुबी होती, जी घेतली की प्राणांचे तीन गुण वाढत. बस्स, तीन! पहिल्या पातळीच्या नाजूक मांत्रिकाचे प्राण चारांचे सात होतात; त्याला ती संजीवनीच. पण साठ-सत्तर प्राणांच्या दहाव्या पातळीच्या लढवय्याला तीन म्हणजे काय? आणि गंमत अशी की ‘टफनेस’ हे नाव पाहून ती घेणार कोण? लढवय्याच!

मॉन्टी कुक यांनी पुढे एका लेखात यावर मोकळेपणाने लिहिलं. काही पर्याय इतरांपेक्षा सरस असावेत आणि ते ओळखणाऱ्या अभ्यासू खेळाडूला त्याचं फळ मिळावं, हा विचार रचनेमागे होता. पत्त्यांच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळातून तो आलेला. ही पद्धत सर्वस्वी बरी नव्हे, असं त्यांनाही नंतर वाटू लागलं. मी तर म्हणेन की इथे दोन वेगळे खेळ एकमेकांत मिसळले गेले. पत्त्यांच्या खेळात वाईट पत्ता निवडलात तर एक डाव हराल, पुढच्या डावाला तो काढून टाकाल. पण भूमिकेच्या खेळात वाईट निवड पात्राला चिकटते आणि पात्र खेळाडूला. ज्याला सापळा ओळखता येत नाही तो नवखा असतो, म्हणजे ज्याला सांभाळून घ्यायला हवं नेमका तोच. दाराशी आलेल्या पाहुण्याच्या पाटाखाली खड्डा खणायचा आणि ‘जाणकार माणूस तिथे बसला नसता’ म्हणायचं, ही कुठली रीत?

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात घरच्या पोरांसाठी मी सूत्रधार झालो होतो. खेळ याच तिसऱ्या आवृत्तीचा, २००३ साली सुधारलेला. धाकट्या भाच्याने लढवय्या घेतला, कारण चित्रात तलवार झकास होती. त्याच्या बहिणीने ड्रुइड घेतला, म्हणजे रानावनातला साधू. कारण तिला लांडगा पाळायचा होता. दोघांनीही नियमांचा कीस काढला नव्हता. सहाव्या पातळीला भाचीचं पात्र काळ्या अस्वलाचं रूप घेऊ लागलं, एका खुबीमुळे अस्वल असतानाही मंत्र टाकू लागलं, आणि शेजारी लांडगा होताच. एका पाळीत ती अस्वल म्हणून झुंजे, तिचा लांडगा शत्रूला पाडे, पुढच्या पाळीत मंत्र. भाचा फासा हातात धरून म्हणाला, ‘‘मामा, आतां हांव कितें करूं?’’ त्या प्रश्नाला नियमांच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. बहीण लबाड नव्हती, भाऊ मठ्ठ नव्हता. दोघांनी आवडीचं सोंग निवडलं. एकाला नाटक मिळालं, दुसऱ्याला भालदारी.

याच तक्रारींना उत्तर म्हणून २००८ सालची चौथी आवृत्ती उभी राहिली. तिने सरळ साचाच एक केला. लढवय्या असो की मांत्रिक, पहिल्या पातळीला प्रत्येकाकडे हव्या तेव्हा वापरायच्या दोन करामती, दर चकमकीला एकदा वापरायची एक, आणि दिवसातून एकदाची एक. प्रत्येक वर्गाला कामही नेमून दिलेलं: कुणी ढाल व्हायचं, कुणी वार करायचे, कुणी सोबत्यांना सावरायचं, कुणी रणांगण ताब्यात ठेवायचं. लढाईपुरतं बोलायचं तर यात कुणाचीही पाळी वाया जात नसे, आणि ही गोष्ट लहान नव्हे. तरीही पुष्कळ जुने खेळाडू रुसले. सगळे वर्ग एकाच चवीचे लागतात, म्हणाले. २००९ साली तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर उभा केलेला ‘पाथफाइंडर’ हा खेळ आला आणि कितीतरी मंडळी तिकडे गेली.

तोल साधायला गेलं की चव जाते, असा धडा काहींनी यातून घेतला. मला तो चुकीचा वाटतो. चव गेली ती तोलामुळे नव्हे, साच्यामुळे. सर्वांना पाळी मिळावी म्हणून सर्वांना एकच चाल शिकवली. भजनी मंडळात पखवाज, टाळ आणि पेटी यांचा आवाज सारखा नसतो, आवर्तनात करायचं कामही सारखं नसतं. तरी कुणी रिकामा नसतो. तोल म्हणायचा तो याला.

आता थोडं गणित. कंटाळू नका, यातच रचनाकाराची खरी परीक्षा आहे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या पुस्तकात जड शस्त्रांची एक खुबी होती: नेम लागण्यातून पाच वजा करा आणि घाव लागला तर इजेत दहा मिळवा. आपला लढवय्या वीस बाजूंच्या फाशात सात मिळवतो आणि त्याचा घाव सरासरी ११ चा आहे असं धरू. शत्रूचं चिलखत १४ असेल तर तो ७० टक्के वेळा लागतो. दर घावामागे ७.७ इजा. खुबी वापरली तर ४५ टक्के वेळा, पण २१ ची, म्हणजे ९.४५. फायदा! चिलखत १९ असेल तर साध्या घावाचे ४.९५ आणि खुबीचे ४.२. तोटा! हलक्या शत्रूवर जोर लावा, भक्कम शत्रूवर आवरतं घ्या; खेळाडूला विचार करायला लावणारा हा सुरेख पर्याय, असं कुणीही म्हणेल.

पण सोबत्याने मंत्राने शत्रूला उजळून टाकला, तर लढवय्याला दोन फासे टाकून चांगला तो घेता येतो. मग १४ च्या चिलखतावर साधा घाव १० च्या आसपास आणि खुबीचा साडेचौदाच्या पुढे. १९ च्या भक्कम चिलखतावरही तोटा जवळजवळ संपतो: ७.६७ आणि ७.५६. विचार करायचं कारणच उरलं नाही. नेहमी जोर लावा. एकटा पाहिला तेव्हा तोललेला पर्याय जोडीने पाहिला की सक्तीचा होतो, आणि ज्याने तो घेतला नाही तो मागे पडतो. २०२४ च्या सुधारित पुस्तकात हा पाच-दहाचा सौदा काढून टाकला आहे. ठीकच केलं, असं मला वाटतं. जुगाराची ती लज्जत गेली याची थोडी हळहळ वाटली तरीही.

उलट बाजूचं उदाहरणही याच आवृत्तीत आहे. रेंजर नावाच्या वनरक्षकाच्या एका शाखेला सोबतीला प्राणी मिळे. पण २०१४ च्या नियमांत प्राण्याने हल्ला करावा म्हणून मालकाला आपली पाळी खर्चावी लागे. दोघांच्या नावावर एकच पाळी! २०२० च्या पुरवणीत प्राण्याला हुकूम देणं हलकं केलं, मालकाचा हात मोकळा राहू लागला. इजेचे आकडे मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. खेळातलं खरं चलन इजा नव्हे, पाळीच.

गुण विकत घेण्याच्या पद्धतीचा कळस १९८१ सालच्या ‘चॅम्पियन्स’ आणि १९८६ सालच्या ‘गर्प्स’ या खेळांत दिसतो. तिथे सगळ्यालाच किंमत आहे, आणि दोष पत्करला तर उलट गुण मिळतात. एक डोळा नाही, वैरी मागावर आहे, राग आवरत नाही, घ्या गुण! कल्पना छान, कारण दोषातून कथा निघते. पण जो दोष खेळात कधी आडवा येत नाही तो दोष कसला? समुद्राची भीती वाटणारा वाळवंटातला योद्धा फुकटचे गुण खिशात घालतो. आणि आणखी एक बारीक गोष्ट: रागीट पात्र भर दरबारात तलवार उपसतं तेव्हा गुण त्याला मिळालेले असतात, निस्तरतात मात्र सोबती. किंमत एकाने ठरवायची आणि दुसऱ्याने भरायची, असल्या सौद्याला तोल म्हणता येत नाही.

मग काय, पात्रं असमान ठेवताच येत नाहीत? येतात की! १९८७ सालचा ‘आर्स मॅजिका’ पाहा. कर्ते जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन. मध्ययुगीन युरोपातल्या जादूगारांचा हा खेळ. जादूगार इतरांपेक्षा कितीतरी थोर आहेत, हे तिथे उघड मान्य केलेलं. पण प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार, एक साधा सोबती, आणि शिपाई-नोकर सगळ्यांचे मिळून. आज तुझा जादूगार पुढे, मी शिपाई. पुढच्या खेपेला उलट. उत्सवी नाटकात आज राजा झालेल्याने पुढच्या वर्षी पडदा ओढावा, तशी ही वाटणी. २००२ सालच्या ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या खेळात दुसरी युक्ती आहे. नायकांना ताकद जास्त; पण कथेला वळण देणारे ‘ड्रामा पॉइंट’ नायकाला १० आणि साध्या सोबत्याला २०. ताकद एकाकडे, कलाटणी दुसऱ्याकडे. आकडे कुठेच सारखे नाहीत, आणि उपाशी कुणी नाही!

‘सूत्रधार हुशार असला की सगळं सांभाळून घेतो’, हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. खरं आहे, सांभाळतो. चांगला दिग्दर्शक फसलेली संहिताही तारून नेतो. म्हणून संहिता फसवी लिहावी का? नवख्या सूत्रधाराचं काय? आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे, मागे पडलेल्या खेळाडूसाठी सूत्रधाराने मुद्दाम सोपा राक्षस आणला, तर ते त्या खेळाडूला कळतं. लहान पोरांनाही कळतं. दयेने मिळालेल्या विजयाला चव नसते. नियमांनी दिलेली पाळी हक्काची असते. सूत्रधाराने दिलेली पाळी उपकाराची.

आपल्याकडेही हे खेळ आता तरुण मंडळी खेळतात, आणि पुस्तकातले पर्याय अपुरे वाटले की घरचे पर्याय लिहितात. कुणी कोकणातला देवचार पात्र म्हणून आणतो, कुणी आपल्या देवळातल्या दैवतावर नवा धर्मगुरू बेततो. उत्तम! परक्या साच्यात आपली माती भरायलाच हवी. त्यांना माझं एवढंच सांगणं, की पर्याय लिहून झाला की स्वतःला चार प्रश्न विचारा. हा पर्याय प्रत्येकजण घेईल का? घेणार असेल तर तो पर्याय नव्हे, पट्टी आहे. सगळ्यांना फुकट द्या. हा घेऊन दहा बैठकांनंतरही खूश असेल असा कुणी आहे का? नसेल तर खोडा, नाहीतर नावावर भुलून नवखा त्यात पडेल. याची किंमत खरोखर चुकती होते का, आणि कोण चुकवतो? आणि शेवटचा, सगळ्यांत महत्त्वाचा: हा पर्याय वापरला की टेबलावरच्या दुसऱ्या कुणाचं काम संपतं का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं कागद-पेन्सिलीने मिळतात. चौथ्याचं उत्तर खेळताना माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहूनच मिळतं. बैठक चालू असताना कोण फासा हातात घेऊन पुढे झुकलेला आहे आणि कोण मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आहे, तेवढं बघा. आकड्यांची बेरीज कितीही जुळली असली, तरी त्या मोबाइलवाल्याच्या बाजूने तराजू कलंडलेलाच असतो.